व्याह्यांचा रानपिंगळा

मुलीच्या सासरी जाऊन तिच्या सासऱ्यांचे फोटो सुधारून द्यायचं काम ज्या बाईनं पत्करलं, तिला आधी कुणीतरी डॉक्टरकडे न्यायला हवं होतं. पण आमच्या घरात एवढं सुचणार कुणाला? आमचे हे म्हणाले, "जा, जाऊन ये. खानदेशातलं भरीत खाऊन ये." झालं, बॅग भरून मी साताऱ्याहून निघाले. परत आल्यापासून जो तो विचारतोय, "काय मग, पक्षी दिसले का?" दिसले की. पण त्यातल्या एका चिमूटभर पक्ष्यानं मला असं काही कात्रीत पकडलं की ते फोनवर सांगण्यासारखं नाही. म्हणून लिहायला बसले.

आमची मेघा धरणगावच्या मारवाडी जैन घरात दिली आहे. दिली कसली, तिनंच जमवलं, आम्ही फक्त अक्षता टाकल्या. घर कापसाच्या व्यापाऱ्यांचं. मेघाचे सासरे पारसभाऊ यांनी जिनिंगचा, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याचा, कारभार मुलाकडे सोपवला आणि साठी आल्यावर पक्ष्यांचे फोटो काढायचा नाद लावून घेतला. मीही शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्याच वाटेवर आहे, आणि फोटो काढल्यावर कॉम्प्युटरवर बसून तो निवडायचा, कापायचा, उजळायचा, यात माझा हात बरा आहे असं आमच्याकडे म्हणतात. एके दिवशी पारसभाऊंचा फोन आला. "ब्याणजी, धुळ्याला प्रदर्शन आहे. माझे फोटो लागणार. तुम्ही या आणि जरा हात फिरवा." मारवाडीत विहिणीला ब्याणजी म्हणतात. इतक्या प्रेमानं हाक मारल्यावर नाही कशी म्हणणार?

धरणगाव

हिवाळा होता. रस्त्याकडेच्या बाभळींवर पांढरं पांढरं काही लटकलेलं दिसलं आणि मी चालत्या गाडीतून कॅमेरा उचलला. मेघा गाडी चालवत होती. म्हणाली, "आई, तो कापूस आहे. ट्रकमधून उडून अडकतो." खानदेशातला माझा पहिला पक्षी म्हणजे कापूस.

घरी स्वागत दणक्यात झालं. विहीण सुशीलाबाई मोठ्या मायेच्या, आणि आवाज असा की गल्लीच्या टोकाचा भाजीवाला घरातूनच थांबवावा. त्यांच्याकडे सूर्य मावळायच्या आत जेवण. आमच्या साताऱ्यात त्या वेळेला चहाचं आधण पडतं, इथं मी तुपात बुडवलेल्या बाट्या चुरत बसले होते. दाल-बाटी अप्रतिम, त्यात वाद नाही. पण कांदा नाही, लसूण नाही, आणि वांगं तर बियांचं म्हणून वर्ज्य. मी जळगाव जिल्ह्यात येऊन भरताशिवाय राहणार, हे लक्षात आलं तेव्हा तोंडावर हसू ठेवून मी चौथी बाटी घेतली.

जेवण झाल्यावर पारसभाऊंनी लेन्स आणली. बाळंतघरातून बाळ आणतात तशी दोन्ही हातांवर. वर सुशीलाबाईंनी विणलेला लोकरीचा अंगरखा. सहाशे मिलिमीटरची ती तोफ बघून मी म्हटलं, "भाऊ, हिनं फोटो काढायचा की किल्ला पाडायचा?"

"दूरचा पक्षी जवळ येतो ब्याणजी!"

"आणि जवळचा?"

"जवळचा..." ते जरा थांबले. "जवळचा लई जवळ येतो."

लगेच पुरावाही मिळाला. अंगणातल्या चिमणीचा फोटो त्यांनी दाखवला, त्यात नुसता डोळा आणि अर्धी चोच. दुपारी लांबच्या माळावर काढलेला गरुड पाण्यात विरघळल्यासारखा. त्यांना वाटत होतं, लेन्स अजून मोठी हवी. मी सांगितलं, "भाऊ, तुमच्या खानदेशात दुपारी जमीन तापली की हवा हलते. हलत्या हवेतून कितीही मोठी लेन्स लावा, ती हलणारी हवाच मोठी करून दाखवणार. सकाळी लवकर जा, नाहीतर पक्ष्याच्या जवळ जा." त्यांनी मान डोलावली. घेतलेली वस्तू परत करायची नसली की माणूस डोलावतो, तशी.

मग कॉम्प्युटर उघडला आणि मी हबकलेच. पोपट असा हिरवा की डोळे मिटावेत. आभाळ निळीत बुडवून काढलेलं. लग्नाच्या अल्बमवाल्याकडून शिकले होते म्हणे. रंगाची जी पट्टी सरकवायची असते ती हळूच, चिमटीत मीठ घेतल्यासारखी सरकवायची. पारसभाऊ ती थेट उजव्या टोकाला नेऊन ठेवत. एका खोडावर तर एकच गाठ तीन जागी होती, कारण पक्ष्यासमोरची काडी पुसून तिथं त्यांनी सालीचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा चिकटवला होता. मी हळूहळू सगळं उतरवत बसले, आणि ते शेजारी बसून हळहळत होते, "अरेरे, फिकं पडलं."

सगळ्यात शेवटी त्यांनी एक फोटो उघडला आणि खुर्ची माझ्याकडे वळवली. "याला हात लावू नका. हा तयार आहे."

पिवळे डोळे, गोल डोकं, फांदीआड अर्धं अंग. खाली लिहिलेलं, दुर्मीळ रानपिंगळा. पक्षी बघणाऱ्याला या नावाचं काय वाटतं ते सांगायला हवं. हे छोटं घुबड शंभरावर वर्षं कुणाला दिसलं नव्हतं, संपलं असंच सगळे धरून चालले होते, आणि मग ते पुन्हा सापडलं ते याच सातपुड्याच्या भागात. ते मिळालं म्हणजे गंगेत घोडं न्हालं. धुळ्याच्या प्रदर्शनाच्या पत्रिकेवर पारसभाऊंचा हाच फोटो छापून गेला होता. शाल-श्रीफळ ठरलं होतं. मेघानं मला आधीच सांगितलं होतं की शिंदखेड्याचे एक डॉक्टर, जुने पक्षीवाले, एकदा चारचौघांत बोलले होते, "कापूस तोलणाऱ्यानं पक्षी तोलू नयेत." ते पारसभाऊंच्या इतकं जिव्हारी लागलं होतं की हिवाळाभर त्यांनी सातपुडा पालथा घातला. आता तेच डॉक्टर प्रदर्शनाला पहिल्या रांगेत बसणार होते.

मी चष्मा पुसला आणि फोटो पुन्हा बघितला. आपला घरोघरचा साधा पिंगळा आणि हा रानपिंगळा दिसायला भाऊ-भाऊ. मोठा फरक डोक्यात. साध्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात, रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं. या फोटोतलं डोकं कोरंच होतं. पण मागची सालही कोरी होती, आणि चोचीभोवतीचे केसही! तेल लावून चापून भांग पाडल्यासारखा अख्खा फोटो गुळगुळीत. मी विचारलं, "भाऊ, मूळ फोटो आहे का?"

"तो कशाला? ताट वाढलंय ना, मग पीठ कशाला बघता?"

दुसऱ्या दिवशी दुपारी ते जिनिंगवर गेले तेव्हा मी मेघाला सांगून मूळ फोटो उघडला. संध्याकाळच्या अंधुक उजेडात काढलेला, त्यामुळे सगळीकडे रव्यासारखी कणी पडलेली. आणि डोक्यावर बारीक, पांढरे, स्पष्ट ठिपके. पारसभाऊंनी कणी काढायची पट्टी सवयीनं उजव्या टोकाला नेली होती. कणीबरोबर ठिपकेही गेले, आणि आपला साधा पिंगळा बसल्या जागी दुर्मीळ झाला!

मला हसू फुटलं. मेघाला फुटलं नाही.

"आई, एक शब्द बोलायचा नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"अगं, तिथं ते डॉक्टर असतील. त्यांनी ओळखलं तर?"

"आणि तू सांगितलंस तर? सुनेच्या आईनं सासऱ्यांची चूक काढली म्हणून गावभर होईल. तू चार दिवसांनी साताऱ्याला जाशील. मला इथंच राहायचंय."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. सांगितलं तर लेकीला जड, न सांगितलं तर त्या भल्या माणसाचं भर सभेत हसं. मला मनापासून वाईट वाटलं. फोटो वाईट असता तर बदलता आला असता, माणसाची हौस कशी बदलायची?

असोदा

संध्याकाळी परत आल्यावर पारसभाऊ म्हणाले, "ब्याणजी, उद्या असोद्याला चला. आमच्या ओळखीचं शेत आहे. तिथं तुम्हाला भरीतही मिळेल." म्हणजे माझ्या चेहऱ्यावरचं वांगं त्यांनी ओळखलं होतं. हे ऐकून तर मला आणखीनच अपराधी वाटलं.

असोद्याच्या शेतात कपाशीच्या काड्यांच्या जाळावर हिरवी, हातभर वांगी भाजत होती. आमच्या भरतात दही पडतं, ते गोंडस असतं. इथलं ठेचलेल्या हिरव्या मिरचीचं, लसणाचं, शेंगदाण्याचं, कांद्याच्या पातीचं आणि वर हात सैल सोडून तेल. सोबत ज्वारी-उडदाच्या पिठाची कळण्याची भाकरी. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी थांबत नव्हते. पारसभाऊ लांब बाजेवर बसून घरून आणलेले खाखरे खात माझ्याकडे असे बघत होते, जसे मी कॉम्प्युटरवर त्यांच्या आभाळाकडे बघते.

जेवणानंतर केळीच्या बागेत शिरलो. केळफुलावर शिंजीर आला होता, अंगठ्याएवढा, जांभळा चमकदार. पारसभाऊंनी तोफ रोखली. पण ती लेन्स इतक्या जवळचं स्पष्ट दाखवतच नाही. म्हणून ते एक पाऊल मागे गेले. मग आणखी एक. डोळा लेन्सला, पाय मागे. मी ओरडले, "भाऊ, पाट!" तोवर ते ओल्या चिखलात बसले होते. लेन्स मात्र वसुदेवानं टोपली धरावी तशी डोक्यावर, कोरडी ठणठणीत.

मी माझ्या लहान लेन्सनं शिंजिराचे चार फोटो काढले, आणि खरं सांगते, पाचवा त्यांचा काढला.

"माझी लेन्स वाईट नाही ब्याणजी," चिखल झटकत ते म्हणाले.

"अजिबात नाही. फक्त नाकापेक्षा मोती जड झालाय."

ते हसले. "तुम्ही असं तोंडावर सांगता, ते मला आवडतं. घरात कुणी सांगत नाही." तो पिंगळा माझ्या जिभेच्या टोकावर येऊन बसला होता. मी तो गिळला. पण तिथंच मनाशी ठरवलं की मी सांगायचं नाही, त्यांनाच दिसू द्यायचं. म्हटलं, "भाऊ, तुमच्या रानपिंगळ्याची जागा मला दाखवता? मलाही एक फोटो हवाय." त्यांचा चेहरा असा फुलला की मला माझीच लाज वाटली.

सातपुड्याचा पायथा

चोपड्याच्या पुढं डोंगराच्या पायथ्याशी एक पाडा आहे. पावसावर पिकेल तेवढी शेती आणि जंगलातून येईल ते. तिथल्या एका म्हाताऱ्या आबांच्या खळ्याजवळच्या मोहाच्या झाडावर तो पक्षी राहत होता. सकाळचं कोवळं ऊन, हवा थंड आणि स्थिर. आबांनी लांबूनच अहिराणीत हाक दिली, आलात का परत म्हणून.

"या भाऊ! ऊनात का परत? तुम्हना पक्षी तठेच शे, कोठे जाई?"

चहा आला. लेन्सवरचा अंगरखा निघाल्यावर आबा म्हणाले, आणि हे ते नेहमीच म्हणत असावेत, कारण पारसभाऊ आधीच हसले होते, "इतली मोठी नळी अन् इतलासा पक्षी!" मग आबा अभिमानानं माझ्याकडे वळून म्हणाले, "बठ्ठा पाडा सांगस, आमना पक्षी धुळाले जाणार शे."

घ्या! आता एक अख्खा पाडाही या भानगडीत आला.

मी पारसभाऊंना धान्याच्या अर्ध्या भरलेल्या पोत्यावर लेन्स टेकवायला लावली, म्हणजे हात हलणार नाही. सांगितलं, "उजेड भरपूर आहे, कणी पडणार नाही. आज घरी जाऊन एकही पट्टी सरकवायची नाही. जसा येईल तसा ठेवायचा." या अंतराला त्यांची तोफच योग्य होती, माझी लहान लेन्स इथं बिचारी होती, तेही कबूल केलं. दोन पक्षी ढोलीच्या तोंडाशी अंगाला अंग लावून ऊन खात बसले होते. पारसभाऊंनी श्वास धरून फोटो काढला, आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठा करून बघितला. मग आणखी मोठा केला.

"यांच्या डोक्यावर काय पडलंय?"

मी चहाचा कप उचलला.

"हे ठिपके आहेत ब्याणजी." मग घाईघाईनं, "हे दुसरे असतील. आबा, तो मागचा पक्षी कुठं गेला?"

"दुसरा कोठला भाऊ? हाईच जोडी शे, बारा मास."

पारसभाऊ पोत्याशेजारी खाली बसले. आबा गोंधळून कधी त्यांच्याकडे, कधी माझ्याकडे बघत राहिले आणि मग आणखी चहा टाकायला गेले.

परतीच्या वाटेवर जिनिंगचा ड्रायव्हर गाडी चालवत होता, आम्ही दोघं मागं. त्यांनी विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"मूळ फोटो बघितला तेव्हा. परवा."

"आणि बोलला नाहीत."

"भाऊ, मुलीच्या सासऱ्याला कसं सांगू? मेघाला इथं राहायचंय."

"लेन्स जड आहे ते सांगता येतं. रंग भडक आहेत ते सांगता येतं." त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला. "आणि ज्यात माझं नाक कापलं जाईल, तेवढंच सांगता येत नाही. इतका परका केलात मला?"

धरणगाव येईपर्यंत दोघंही खिडकीबाहेर बघत होतो. घरी आल्यावर ते फोटो घेऊन खोलीत गेले, आणि मेघानं माझ्याकडे असं बघितलं की माझी बॅग मला त्या क्षणी भरावीशी वाटली.

धुळे

धुळ्यात सभागृहाच्या दारातच तो फोटो लावलेला, वर पिवळा दिवा सोडलेला, त्यामुळे पिंगळ्याचे डोळे नुसते पेटलेले. खाली सोनेरी अक्षरांत, दुर्मीळ रानपिंगळा. म्हणजे पारसभाऊंनी काही बदललेलं नव्हतं. मेघानं सुटकेचा श्वास टाकला. मी टाकला नाही, कारण चष्मा कपाळावर चढवून शिंदखेड्याचे डॉक्टर त्या फोटोसमोर उभे होते आणि नाक जवळजवळ काचेला लावून डोकंच तपासत होते.

पाहुण्यांचं भाषण सुरू झालं. त्यांनी रानपिंगळ्याची तारीफ अशी केली की ऐकून खुद्द पक्षी लाजला असता. टाळ्या झाल्या. शाल पारसभाऊंच्या खांद्यावर पडणार, एवढ्यात ते मागं सरकले आणि माइकपाशी गेले.

"साहेब, थांबा. हा साधा शे." व्यासपीठावर गेल्यावर त्यांची शहरी मराठी पळाली होती. "साधा पिंगळा शे हो. मी कॉम्प्युटरवर त्याच्या डोक्यावरचे ठिपके पुसून टाकले. मुद्दाम नाही, नकळत. पण पुसले मीच. माझ्या विहीणबाईंनी ओळखलं. पत्रिकेवर चुकीचं छापून गेलं, त्याची माफी मागतो."

मग पहिल्या रांगेतून एक बारीक हसू आलं. डॉक्टरच होते. त्यांच्यामागून आणखी दोघं-तिघं. पारसभाऊ माइक धरून तसेच उभे, कान लाल झालेले. मेघानं माझं मनगट आवळलं. मला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. हे सगळं माझ्यामुळं झालं होतं.

आणि तेवढ्यात सुशीलाबाई उठल्या. त्यांना माइक लागत नाही.

"अहो, म्हणजे आपल्या मागच्या कडुलिंबावर बसतो तोच ना हा?"

"हो," पारसभाऊ माइकमधून म्हणाले. "तोच."

"मग त्याच्यासाठी हिवाळाभर डोंगरात कशाला हिंडलात? घरीच काढला असता, जेवायला तरी वेळेवर आला असतात!"

अख्खं सभागृह फुटलं. आता सगळेच हसत होते, पाहुणे, शालवाला, आणि व्यासपीठावरचे पारसभाऊही. डॉक्टर एकटे हसायचे थांबले, कारण कुणावर हसायचं तेच उरलं नव्हतं. शाल कुणी परत नेली नाही. ती घडी तशीच पारसभाऊंच्या हातात कोंबली गेली.

कार्यक्रम संपल्यावर मी पायऱ्यांवर उभी होते. डोळे भरून आले होते आणि मी ते पुसतही नव्हते. पारसभाऊ आले, शाल काखेत, लॅपटॉप छातीशी.

"ब्याणजी, एक विचारू? खरं सांगायचं."

"विचारा."

"ठिपके सोडा. बाकी फोटो तरी बरा होता का?"

मेघा माझ्या मागंच उभी होती. मी पारसभाऊंच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "नाही भाऊ. भिकार होता."

ते तडक गाडीकडे निघाले. मग पुढची सीट सुशीलाबाईंना देऊन ते मागं माझ्याशेजारी येऊन बसले, लॅपटॉप आमच्या दोघांच्या गुडघ्यांवर ठेवला आणि म्हणाले, "दाखवा, कुठं कुठं भिकार आहे ते." मी दाखवायला लागले, ते प्रत्येक गोष्टीला "छट्, हे मान्य नाही" म्हणायला लागले, आणि पारोळा गेला, एरंडोल गेलं तरी आमचं भांडण संपेना. शेवटी सुशीलाबाई ओरडल्या, "अगं मेघा, तुझ्या आईला आणि तुझ्या सासऱ्याला गप्प कर!" आणि मेघा गाडी चालवता चालवता सासूला म्हणाली, "नाही आई, भांडू द्या त्यांना."